लघुग्रहाच्या पाण्याचा ठराव

आमच्या कॉलेजने लघुग्रहावर यान पाठवायचं ठरवलं, तेव्हा मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ बंद होता. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. मी त्या नळासाठीच संस्थेच्या कार्यालयात गेले होते आणि लघुग्रह घेऊन बाहेर पडले.

संस्थेचे सचिव म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. साखर कारखानाही त्यांच्याच घरचा. त्यांना सगळे दादा म्हणतात. वयाने मी मोठी आहे, तरी मीही दादाच म्हणते, कारण पगाराच्या कागदावर सही त्यांची असते. दादा नुकतेच परदेशातून आले होते. कारखानदारांचा अभ्यासदौरा होता, बिटापासून साखर कशी करतात ते बघायला मंडळी गेली होती. तिथे कुठल्याशा जेवणात शेजारी बसलेल्या एका तरुणाने त्यांना सांगितलं, की हल्ली अवकाशयान बुटाच्या खोक्याएवढं करता येतं. मोठ्या उपग्रहाच्या रॉकेटमध्ये उरलेल्या जागेत ते बसवून देतात, आणि पृथ्वीच्या आसपास फिरणाऱ्या एखाद्या लघुग्रहापर्यंत ते रखडत रखडत पोचतं. खर्च पूर्वीच्या मानाने अगदीच कमी. बीट दादांच्या लक्षात राहिलं नाही, खोकं राहिलं.

मी नळाचं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या ना? आपल्याला यान सोडायला किती महिने लागतील?"

मी त्यांना समजावलं. यान सोडणं आपल्या हातात नाही, त्याला देशाची अवकाश संस्था आहे, परवानग्या आहेत, रॉकेटमध्ये जागा मिळवायला मोठमोठे लोक रांगेत उभे आहेत. आपल्याकडे साधी धूळ न येणारी खोली नाही. फार तर अशा यानाचा एखादा भाग, म्हणजे कॅमेरा वगैरे, मुलांकडून करून घेता येईल. एवढ्या बोलण्यात 'नाही' किती वेळा आलं ते मलाही मोजता आलं नसतं. 'येईल' एकदाच आलं होतं. दादांनी तेवढंच उचललं. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर माझं अभिनंदन सुरू झालं होतं.

मला मनातून आनंद झाला होता. वर्षानुवर्षं मी तीच सर्किटं शिकवत आले. मुलं ती पाठ करून पास होतात आणि मग बँकेच्या परीक्षा देतात. आता निदान काहीतरी नवं वाचायला कारण मिळालं. वाचल्यावर कळलं, की छोट्या यानाची खरी अडचण वेगळीच असते. त्याचा अँटेना लहान, त्यामुळे ते फार हळू आवाजात बोलतं आणि पृथ्वीवरून दिलेली आज्ञा त्याला उशिरा पोचते. समोर दिसणाऱ्या शेकडो पांढऱ्या ठिपक्यांमधला आपला लघुग्रह कोणता, हे त्याला स्वतःलाच ओळखावं लागतं. एक कॅमेरा, एक छोटा संगणक आणि त्यात थोडी अक्कल. हे आम्ही करू शकत होतो.

तसं एक पान मी दादांना लिहून दिलं. त्यांना पान आवडलं, फक्त त्यावर 'भारतात प्रथमच' असं घालावं म्हणाले. मी म्हटलं, भारतात हे पुष्कळ ठिकाणी चाललेलं आहे. मग 'महाराष्ट्रात' घाला म्हणाले. तेही खोटं होतं. शेवटी आमची तडजोड 'नगर तालुक्यात प्रथमच' वर झाली. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तालुक्याला सगळे नगरच म्हणतात, आणि तिथे आम्हाला खरोखरच कोणी स्पर्धक नव्हता.

माझ्या हाताखाली चार विद्यार्थी आले. त्यातल्या तिघांना प्रमाणपत्र हवं होतं. चौथी पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची मुलगी होती. रोज एसटीने ये-जा करायची, कमी बोलायची आणि बोलली की वाक्य पूर्ण करायची. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळा घोटाळा तिच्या एका पूर्ण वाक्यामुळेच झाला. देखरेखीला मेकॅनिकलचे सर होते. संस्था पत्र्याच्या शेडमध्ये भरायची तेव्हापासूनचे ते. कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी ते विचारायचे, "साहेबांच्या कानावर घातलंय ना?" साहेब म्हणजे संस्थापक.

ड्रॉइंग हॉलचे पडदे ओढून आम्ही अवकाश तयार केलं. कॉलेजच्या गणपतीच्या दिव्यांच्या माळा काळ्या कापडामागे लावून तारे केले. त्या माळा लुकलुकायच्या. ताऱ्यांनी एकदम लाल-हिरवं होणं बरं नव्हे, म्हणून मुलीने आधी माळांचं लुकलुकणं काढून टाकलं. लघुग्रह थर्माकोलचा होता. पुष्कळसे लघुग्रह कोळशासारखे काळे असतात, म्हणून कारखान्याच्या धुराड्यातली काजळी आणून त्याला फासली. ती काजळी पुढे महिनाभर आमच्या नखांत राहिली. कॅमेऱ्याचं खोकं चहाच्या ट्रॉलीवर ठेवून आम्ही लघुग्रहाकडे ढकलत न्यायचो.

पहिल्याच चाचणीत मेकॅनिकलचे सर पडदा बाजूला करून डोकावले, आणि संगणकाने त्यांच्या टकलाला लघुग्रह ठरवलं. नुसतं ठरवून थांबला नाही, अंतरही सांगितलं, आणि ते बरोबर होतं. सरांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर ते हॉलमध्ये टोपी घालून येऊ लागले.

बाकीचे तिघे हळूहळू यायचे बंद झाले. मुलगी येत राहिली. तिने त्या प्रोग्रॅमची इतक्या वेळा मोडतोड केली, की मला तिच्या चिकाटीची धास्ती वाटायला लागली. एका दुपारी ट्रॉली लांब दाराशी असताना संगणकाच्या पडद्यावर एका अंधुक ठिपक्याभोवती हिरवा चौकोन आला आणि ट्रॉली पुढे सरकली तरी त्या ठिपक्यावरच टिकून राहिला. आमचाच लघुग्रह होता. ती म्हणाली, "ओळखलं, मॅडम," आणि चष्मा काढून पुसत बसली. मी तिच्यासाठी कँटीनमधून वडापाव मागवला. इतक्या मोठ्या गोष्टीला साजेसं कॉलेजमध्ये दुसरं काही मिळत नव्हतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण साहेबांचा अमृतमहोत्सव जवळ आला होता. दादा हॉलमध्ये आले, खोकं उचलून उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढंसं?"

मी म्हटलं, लहान आहे हेच तर त्याचं मोठेपण.

"बरोबर आहे," दादा म्हणाले. "पण ते लहान आहे हे मोठं करून दाखवल्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

मी खोकं त्यांच्या हातून घेऊन परत ट्रॉलीवर ठेवलं. तेवढ्यात मेकॅनिकलच्या सरांनी गणपतीचे देखावे करणाऱ्या एका माणसाला फोनही लावला होता. त्याने प्लायवूड, सोनेरी कागद आणि भरपूर खिळे वापरून टेम्पोएवढं यान तयार केलं. दोन्ही बाजूंना निळ्या रंगाचे सौरपंख, पुढे डोळ्यासारखा काचेचा गोळा आणि पोटावर साहेबांचा फोटो. कमी खर्चाचं छोटं यान दाखवण्यासाठी केलेल्या त्या मोठ्या यानाला आमच्या खोक्याहून कितीतरी जास्त खर्च आला. त्यानंतर मी एक बरं भिंग मागितलं, तर निधी संपल्याचं कळलं.

समारंभाच्या दिवशी यानाची मिरवणूक निघाली. ते ट्रॉलीवर, पुढे ट्रॅक्टर, मागे ढोलताशा. नगर शहरातून ते सुखरूप आलं आणि कॉलेजच्या कमानीत अडकलं. कमान साहेबांच्या नावाची, तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती, म्हणून करवत मागवून यानाचा एक पंख कापला. व्यासपीठावर बसलेल्या साहेबांनी एकच पंख कसा म्हणून विचारलं. दादांनी सांगितलं, नवीन तंत्र आहे. साहेबांनी मान डोलावली.

खरं खोकं समईजवळ टेबलावर ठेवलं होतं. सत्कार सुरू झाल्यावर पाहुण्यांचे नारळ आणि शाली ठेवायला त्याचा उपयोग झाला. प्रमुख पाहुणे राजकारणातले होते. लघुग्रहांवर सोनं, प्लॅटिनम आणि आणखी काय काय असतं हे त्यांनी सांगितलं, आणि ते सर्वसामान्यांपर्यंत पोचलं पाहिजे अशी अपेक्षा व्यक्त केली. मग श्रोत्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम होता. प्रश्न आधीच तीन प्राध्यापकांना वाटून दिले होते. पण त्यातला पहिला प्राध्यापक चष्मा शोधत असताना मधल्या रांगेतून एक म्हातारा उठला. पारनेरकडून कारखान्याच्या ट्रकने जी माणसं आणली होती, त्यातला तो.

"त्या गोट्यावर पानी हाय का?" त्याने विचारलं.

लोक हसले. दादांनी माइक मुलीच्या हातात दिला. ती उभी राहिली आणि तिच्या पद्धतीने पूर्ण वाक्य बोलू लागली. काही लघुग्रहांवर पाणी असतं, पण मोकळं नसतं, दगडाच्या आत अडकलेलं असतं, आणि ते कधी काढता आलंच तर तिथेच, पुढच्या यानांच्या कामाला येईल. यातला शब्दन्शब्द खरा होता. पण 'असतं' या शब्दालाच टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि पुढचं काही माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. टाळ्या संपायच्या आत दादांनी माइक परत घेतला.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "पारनेरच्या लेकीनं शब्द दिला आहे."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर बातमी होती: 'लघुग्रहावरचं पाणी पारनेरला, दादांचा संकल्प'. सोबत एका पंखाच्या यानाचा फोटो. मी पेपर घेऊन दादांकडे गेले आणि खुलासा द्या म्हणाले. त्यांनी मला चहा दिला. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती, दादा स्वतः उभे राहणार होते आणि त्यांचा मूड छान होता.

"मी खोटं बोललो का, मॅडम? शब्द दिला आहे एवढंच म्हणालो. कशाचा, ते म्हणालो नाही."

मुलीचे हाल सुरू झाले. एसटीत बायका तिला विचारू लागल्या, नळ कधी येणार, की आधी टाकी बांधणार. गावात तिच्या वडिलांना पाणीवाले म्हणून हाका मारायला लागले. ते भिडस्त गृहस्थ, त्यांनी पारावर बसणं सोडलं. कॉलेजमध्ये दोन मोटारसायकलवाले तिला बादली दाखवून जायचे. तिने मला यातलं काही सांगितलं नाही. ती काही दिवस आली नाही तेव्हा मी फोन केला आणि तिच्या आईकडून कळलं.

मग तिच्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला. लघुग्रहाचं पाणी ज्या मुलीने शोधलं ती आमच्या गावची असल्याने पहिला हक्क आमचा. तसंच कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी कधीच पोचत नाही हा अनुभव लक्षात घेऊन, या वेळी वाटप शेवटाकडून सुरू करावं. तो ठराव छापून आला. लगेच शेजारच्या गावाने आपला ठराव केला. वरच्या डोंगराळ अकोले तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याने पत्रक काढलं, की पाणी वरून येणार असेल तर ते आधी डोंगरावर उतरेल. भंडारदऱ्याचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत खाली गेलं, आता हे जाऊ देणार नाही. खालच्या जिल्ह्यातून कोणीतरी समन्यायी वाटपाची मागणी केली. आमचं खोकं तोवर ड्रॉइंग हॉलच्या कपाटात पडून होतं, शालींचे धागे त्याच्या स्क्रूंमध्ये अडकलेले.

एका रविवारी मुलीचा फोन आला. "मॅडम, मला गावात सगळ्यांसमोर सांगायचंय. तुम्ही येता का?"

मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात सकाळीच माणसं जमली होती. सरपंच बाई होत्या, पन्नाशीच्या, आणि त्यांचे यजमान चक्क मागे बसून गप्प होते. वडील खांबाला टेकून जमिनीकडे बघत होते. समारंभात प्रश्न विचारणारा म्हातारा पुढेच मांडी घालून बसला होता. मी दोन शब्द बोलायला लागले, पण ते कॉलेजातले निघाले आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. मुलीने मला हळूच बाजूला केलं.

ती गावच्या भाषेत बोलली. मी ती तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. यान किती लहान असतं, किती लांब जातं, पोचायला वर्षं लागतात, गेलेलं बहुतेक परत येत नाही, आणि आलंच तर मूठभर माती घेऊन येतं, हे सगळं तिने सांगितलं. आपण फक्त त्याचा डोळा केला आहे, तोही अजून वर गेलेला नाही, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "पानी हाय. पन ते आपल्यासाठी न्हाई."

मला वाटलं, आता लोक चिडणार. सरपंच बाईंनी पदर सारखा केला.

"ते ठावं हाय की आमाला," त्या म्हणाल्या. "आमी काय येडे न्हाई, बाई. धरनाचं पानी देतो म्हनले, तवा आमी मागत ऱ्हायलो, कुनी छापलं न्हाई. आता आभाळातलं मागितलं, तर सगळ्या पेपरात आलं. परवापासनं कारखान्याचा टँकर येतोय रोज."

येताना आमच्या एसटीने त्या टँकरला वाट दिली होती. तो कशाचा, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

सगळ्यांनाच ठाऊक होतं असंही नाही. एक तरुण तावातावाने उठून गेला. त्याला पाइपलाइनचं कंत्राट मिळवून देतो असं कोणीतरी सांगितलं होतं, म्हणे. आणि त्या म्हाताऱ्याने प्रश्न खरंच माहिती हवी म्हणून विचारला होता. त्याला दादांचं, ठरावाचं काही पडलेलं नव्हतं. तो मुलीला म्हणाला, "दगडात पानी अडकतंय म्हंजी कसं गं?" ती त्याच्यासमोर बसली. मग भाजलेल्या विटेत आणि कच्च्या विटेत काय फरक असतो इथपासून तिने सुरुवात केली. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. वडील खांब सोडून जवळ येऊन ऐकू लागले.

निघताना सरपंच बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तू खरं सांगितलंस ते चांगलं केलंस, म्हणाल्या. फक्त पेपरात सांगायचं ते मतदान झाल्यावर सांग.

ती मला सोडायला नगरपर्यंत आली. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. माझी समजूत अशी, की गावाची युक्ती ऐकून तिला हलकं वाटलं असेल, दादांवर चांगला डाव उलटला होता. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, "दादांनी माझं वाक्य अर्धं घेतलं, मॅडम. आणि गावानं ते तसंच वापरलं. पूर्ण वाक्य कोणालाच नकोय."

टँकर थांबला तर तिच्याच घरचे हंडे रिकामे राहणार होते, हे तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी तिने त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राला खुलासा लिहून पाठवला, स्वतःच्या नावाने, मला न विचारता. तो आतल्या पानावर केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली आला. मथळा होता: 'लघुग्रहावर पाणी असल्याचा विद्यार्थिनीचा पुनरुच्चार'. मी तो तिला दाखवला तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि मग तिला हसू आवरेना.

टँकर चालू राहिला. दादा निवडून आले. लघुग्रहामुळे नाही, समोरचा उमेदवार आयत्या वेळी दादांच्याच पक्षात आल्यामुळे. निकालानंतरच्या आठवड्यात टँकर बंद झाला. सरपंच बाई दोनदा कारखान्यावर जाऊन आल्या. त्यांना सांगण्यात आलं, की पाण्याचा विषय आता वरच्या पातळीवर आहे.

मुलीने मात्र त्या चाचण्यांचं चित्रण बंगळुरूच्या एका लहानशा कंपनीला पाठवलं होतं. तिथे अशीच छोटी यानं तयार करतात. त्यांनी तिला बोलावलं, दिवसभर प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं. तिचा प्रोग्रॅम आता तिथल्या चांगल्या काळोख्या खोलीत तपासला जातोय. तो कधी वर जाईल हे तिलाही माहीत नाही, रॉकेटमधल्या जागेची रांग लांब आहे. तिच्या वडिलांनी मला एकदा विचारलं, की पोरगी तिकडे नेमकं काय करते. मी म्हटलं, लांबून दगड ओळखायला शिकवते. ते म्हणाले, असू दे, आणि बरोबर आणलेली मटकी माझ्या टेबलावर ठेवून गेले.

आमच्याकडे यंदा नवीन मुलं आली आहेत. सध्या ती फिरणारा लघुग्रह कोणत्या दिशेने फिरतोय हे कॅमेऱ्याकडून ओळखून घ्यायच्या मागे आहेत. भिंग आम्ही वर्गणी काढून आणलं. दादांना आता लघुग्रहात रस उरलेला नाही, ते कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आहेत आणि त्यासाठी कॉम्प्युटरच्या विभागप्रमुखांना रोज बोलावणं येतं. त्यामुळे आमचं काम बरं चाललं आहे.